भूल आणि मेंदूचे राखणदार

‘भूल’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. माणसाच्या हातून नकळत होते ती चूक म्हणजे भूल, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर देतात तीही भूलच. कन्नड विभागातील आमचे मित्र या दुसऱ्या अर्थासाठी ‘अरिवळिके’ हा शब्द वापरतात. ‘अरिवु’ म्हणजे जाणीव. ती नाहीशी होणे म्हणजे अरिवळिके. शास्त्रीय दृष्टीने हा शब्द आपल्या शब्दापेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु सामान्य माणसाच्या मनातील भीती मराठी शब्दाने अधिक नेमकी पकडली आहे. जाणीव जाणार हे सर्वांना ठाऊक असते. ती परत येताना पूर्वीसारखी सगळी परत येते, की काही मागे राहून जाते, ही खरी शंका असते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला, आणि पुढच्याच मार्चमध्ये, म्हणजे १८४७ साली, कलकत्त्यात ईथर वापरले गेले. त्यानंतर क्लोरोफॉर्म आले, थायोपेंटोन आले, हॅलोथेन आले. आज हुंगवण्याच्या औषधांत सेव्होफ्लुरेन व आयसोफ्लुरेन आहेत. शिरेतून देण्याच्या औषधांत दुधासारखे पांढरे दिसणारे प्रोपोफॉल आहे, केटामीन आहे, आणि त्या मानाने अलीकडचे डेक्समेडिटोमिडीन आहे. या औषधांनी माणूस बेशुद्ध कसा होतो, याविषयी पाठ्यपुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. प्रस्तुत लेखात निराळी बाजू पाहावयाची आहे. शरीराला जखम झाली की मेंदूतही दाह निर्माण होतो, मेंदूतील संरक्षक पेशी जाग्या होतात. त्यात भुलीच्या औषधांचा वाटा किती?

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही. सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडून येणाऱ्या रेल्वेमार्गावर, सचिन आणि उधना यांच्या मध्ये भेस्तान नावाचे स्टेशन आहे. आसपास कापडाचे कारखाने आणि यंत्रमाग. उधन्याहून फुटणारी ताप्ती लाइन थेट खानदेशात जाते, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे या बाजूस येऊन वसली आहेत. माझी मावशी तेथेच राहते. सुटीत मी तिच्याकडे गेलो असताना शेजारच्या आजी पहाटे पाणी भरताना घसरल्या आणि मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. वय सत्तरीच्या पुढे. दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टरांनी सांगितले आणि घरात दोन तट पडले. गावाकडचा थोरला मुलगा फोनवरून एकच धोशा लावून होता, “आईला भूल देऊ नका. आपल्या गल्लीतल्या तात्यांना भूल दिली, तेव्हापासून ते माणसे ओळखेनासे झाले.” धाकटा मागावर काम करणारा, त्याला आईचे विव्हळणे ऐकवत नव्हते. शेवटी भूलतज्ज्ञ बाईंनी, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग तेवढा बधिर करू, असे सांगितल्यावर थोरल्याने होकार दिला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आजी टेबलावर डॉक्टरांशी बोलत होत्या. तरीही दुसऱ्या रात्री त्या वातात बरळल्यासारख्या बोलू लागल्या. वॉर्डाला गोठा समजून “गाय सुटली, आधी तिला बांधा” म्हणाल्या, सुनेला ओळखीनात, हाताची सुई ओढून काढली. चार-पाच दिवसांत सारे निवळले. पण घरच्यांचा निकाल ठाम होता : भुलीनेच केले. वास्तविक ज्या भुलीला ते भीत होते ती भूल आजींना दिलीच नव्हती. मग हे कशाने झाले?

शंका खुळी नाही आणि नवीही नाही. १९५५ साली ऑक्सफर्डच्या डॉ. बेडफर्ड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात वृद्धांवरील भुलीच्या परिणामांविषयी लेख लिहिला. शस्त्रक्रियेनंतर म्हातारा किंवा म्हातारी ‘पूर्वीसारखी राहिली नाही’, अशी तक्रार नातेवाईक वारंवार करीत, आणि बेडफर्ड यांनी ती हसण्यावारी न नेता सुमारे बाराशे रुग्णांची माहिती तपासली. साधारण दहांत एकाच्या बाबतीत तक्रारीत तथ्य आढळले. नातेवाईकांच्या बोलण्याला कान देणारा डॉक्टर म्हणून या गृहस्थांचे मोठेपण मोठे आहे. मात्र लेखाच्या मथळ्यातच त्यांनी दोष भुलीवर ठेवला होता, आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेकांनी तो तेथेच राहू दिला.

आता मेंदूच्या आत डोकावू. मेंदू म्हणजे केवळ मज्जापेशींचे जाळे, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्यात इतर पेशीही विपुल असतात. त्यांपैकी एक जात १९१९ साली स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगा यांनी वेगळी ओळखली व तिला मायक्रोग्लिया हे नाव दिले. मेंदूतील एकूण पेशींपैकी पाच ते दहा टक्के या असतात. या मूळच्या मेंदूच्या नव्हेत. गर्भावस्थेच्या अगदी आरंभी, मेंदू आकार घेत असतानाच, पीतककोशातून निघून त्या मेंदूत शिरतात आणि कायमच्या तेथील रहिवासी होतात. रक्तातील पांढऱ्या पेशींना मेंदूत सहसा प्रवेश नसतो, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा बंदोबस्त तेथे फार कडक आहे. म्हणून मेंदूने जणू आपले राखणदार आधीच आत घेऊन ठेवले आहेत.

पूर्वी समजूत अशी होती की, हे राखणदार एरवी झोपलेले असतात आणि संकट आले की उठतात. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण झाले तेव्हा ही समजूत गेली. मायक्रोग्लियाच्या बारीक फांद्या सतत हलत असतात. आखडतात, लांबतात, शेजारच्या मज्जापेशींना चाचपतात. कोठे इजा दिसली की फांद्या आखडून पेशी फुगते आणि सायटोकाइन नावाची प्रथिने सोडू लागते. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी त्यांची नावे आहेत. ही दाहाची भाषा होय. माफक प्रमाणात ती उपकारक असते. प्रमाणाबाहेर गेली, किंवा वेळेवर थांबली नाही, तर शेजारच्या निरोगी मज्जापेशींच्या कामात बिघाड होतो.

येथे कोणीही विचारील की, हाड मोडले मांडीचे, सुरी चालली मांडीवर. मेंदूतील राखणदारांना त्याची खबर कशी लागते? खबर रक्तातून जाते. जखमेच्या जागी फुटलेल्या पेशींतून काही द्रव्ये बाहेर पडतात, रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना धोक्याची खूण समजतात आणि सायटोकाइन सोडतात. हा संदेश मेंदूपर्यंत पोहोचणे यात अनैसर्गिक काही नाही. ताप आला की आपल्याला अन्न नकोसे होते, पडून राहावेसे वाटते, कोणाशी बोलू नये असे वाटते, ते याच संदेशामुळे. शरीर आपल्याला सक्तीची विश्रांती देत असते. तरुण मेंदू हा संदेश ऐकतो, दोन दिवस मलूल राहतो आणि सावरतो. वृद्ध मेंदूतील मायक्रोग्लियाची गोष्ट वेगळी. वयपरत्वे, आणि स्मृतिभ्रंशाचा आजार आतून सुरू झाला असल्यास विशेषच, त्या आधीच अर्धवट चेतलेल्या असतात. ठिणगी लहान, पण गंजी वाळलेली, असा हा प्रकार आहे.

उंदीर आणि घुशींच्या जातीचे प्रयोगप्राणी यांवर हे पद्धतशीर तपासले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही प्राण्यांना फक्त भूल दिली, तर काहींना भूल देऊन त्यांची प्लीहा काढली. फक्त भूल दिलेल्या प्राण्यांच्या स्मरणात विशेष फरक पडला नाही. प्लीहा काढलेले प्राणी शिकलेला मार्ग विसरले, आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतिकेंद्रात मायक्रोग्लिया चेतलेल्या व इंटरल्युकिन-१ वाढलेले आढळले. २०१० मध्ये उंदरांच्या नडगीचे हाड मोडून ते जोडण्याची शस्त्रक्रिया करून पाहिली. परिणाम तसाच. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले तर मेंदूतील दाहही टळला आणि स्मरणही टिकले. पुढच्या वर्षी असेही दिसले की, अशा वेळी मेंदूचा कडक बंदोबस्त काही काळ सैल पडतो आणि रक्तातील भक्षकपेशी हिप्पोकॅम्पसमध्ये घुसतात. माझ्या मते या साऱ्या प्रयोगांचा रोख स्पष्ट आहे : मुख्य आरोपी जखम आहे, भूल नव्हे.

मग भुलीची औषधे अगदी निरुपद्रवी का? तसेही नाही. औषधे संरक्षक पेशींवर परिणाम करतात ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतील ग्रॅहम यांनी १९११ मध्येच दाखविले होते की ईथरमुळे रक्तातील पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता मंदावते. मेंदूतील परिणाम औषधागणिक निरनिराळे आहेत. प्रोपोफॉल पेशींच्या संवर्धनात मायक्रोग्लियाचा दाह कमी करते असे पुष्कळ प्रयोगांत आढळले. केटामीन दिल्यास शस्त्रक्रियेनंतर रक्तातील इंटरल्युकिन-६ कमी वाढते. सेव्होफ्लुरेन व आयसोफ्लुरेन यांची तऱ्हा दुटप्पी : कमी वेळ, कमी मात्रेत ती कित्येकदा पेशींचे रक्षण करतात, तर दीर्घकाळ वा वारंवार दिली असता, विशेषतः फार लहान किंवा म्हाताऱ्या प्राण्यांत, मेंदूतील दाह वाढवितात.

याहून मनोरंजक शोध २०१९ चा आहे. जागेपणी मेंदूच्या खोडातून नॉरॲड्रेनॅलीन हे द्रव्य सर्वत्र पोहोचत असते आणि त्याच्या धाकाने मायक्रोग्लिया आपल्या फांद्या आवरून असतात. भूल दिली, किंवा गाढ झोप लागली, की हा धाक उठतो आणि फांद्या लांबवर पसरू लागतात. थोडक्यात, घरधनी झोपला की राखणदार गस्तीला निघतो. जिवंत उंदरांवर दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी त्याच वर्षी हे पाहिले. गस्त म्हणजे दाह नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु त्याआधीची मायक्रोग्लियाची बहुतेक निरीक्षणे भूल दिलेल्या प्राण्यांवरच झालेली असल्यामुळे, राखणदारांचे जे ‘नेहमीचे’ वागणे समजले जात होते ते भुलीतले वागणे होते, अशी गंमत उघडकीस आली.

प्राण्यांवरून माणसावर उडी घेण्याची घाई किती महागात पडते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मराठवाडा आणि कन्नड जिल्हे ज्या संस्थानात एकत्र नांदत होते त्या हैदराबाद संस्थानात १८८८ व १८८९ साली निजामाच्या आश्रयाने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. डॉ. लॉरी यांच्या पुढाकाराने शेकडो कुत्री व माकडे यांच्यावर प्रयोग झाले आणि निकाल देण्यात आला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो, हृदय कधीच आधी थांबत नाही. सबब श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. हृदयही एकाएकी दगा देऊ शकते हे लेव्ही यांनी १९११ मध्ये सिद्ध करीपर्यंत या निकालाने अनेकांना गाफील ठेवले.

म्हणून आता माणसांकडे वळू. १९९८ मध्ये साठीपुढील १२१८ रुग्णांची आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयाखेरीज इतर मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुमारे २६ टक्के रुग्णांची स्मरण व आकलन यांच्या चाचण्यांत पीछेहाट दिसली. तीन महिन्यांनी हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत ते तीन टक्क्यांच्या आसपास होते. तोवर संशय होता तो रक्तदाब उतरण्यावर आणि प्राणवायू कमी पडण्यावर. दोहोंचाही संबंध या पाहणीत लागला नाही. याच मंडळींनी २००३ मध्ये चारशेहून अधिक वृद्धांत पूर्ण भूल आणि केवळ भाग बधिर करणे यांची तुलना केली. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, म्हणजे १४ टक्के लोक मागे पडलेले होते.

भेस्तानच्या त्या घरातील वाद ज्या दुखण्यावरून झाला त्या खुब्याच्या अस्थिभंगावरच पुढे दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेत १६०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून, एका गटाला पाठीत इंजेक्शन व दुसऱ्याला पूर्ण भूल दिली. संभ्रमावस्था पहिल्यात २०.५ टक्के, दुसऱ्यात १९.७ टक्के. २०२२ मध्ये चीनमधील ९५० रुग्णांत हेच आकडे ६.२ आणि ५.१ असे आले. दोन्हींत फरक नगण्य. आजींच्या थोरल्या मुलाची भीती खरी होती, उपाय मात्र त्या भीतीवरचा नव्हता. आणि शस्त्रक्रियाच टाळली असती तर? खुब्याचे हाड मोडलेले म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की फुप्फुसांना सूज, शय्याव्रण, शिरांत रक्ताच्या गुठळ्या यांची रांग लागते. शिवाय मोडलेले हाड व वेदना हीसुद्धा जखमच. मेंदूकडे जाणारा संदेश चालूच राहतो. म्हणूनच सर्वत्र ही शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत करण्याचा आग्रह धरतात.

येथवरची कहाणी सरळ वाटते. पण माणसाचा मेंदू उंदराच्या मेंदूइतका सरळ वागत नाही. शस्त्रक्रियेनंतर माणसाच्या मेंदूजलातही इंटरल्युकिन-६ वाढते, हे आढळले आहे. याउलट स्वीडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पौरुषग्रंथी काढलेल्या रुग्णांच्या मेंदूची किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्याने चित्रे घेतली, तेव्हा तीन-चार दिवसांनी संरक्षक पेशींची खूण वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली. ती वाढली ती तीन महिन्यांनी. रुग्ण अवघे आठ, तेव्हा फार ताणू नये. दाह शमवील त्या औषधाने संभ्रम टळेल, हा हिशेबही नेहमी जुळत नाही. केटामीनने सायटोकाइन कमी होतात म्हणून ६७२ वृद्धांत ते वापरून पाहिले, तर २०१७ मध्ये निकाल आला की संभ्रम कमी झाला नाही, उलट भास मात्र वाढले. डेक्समेडिटोमिडीनचा अनुभव बरा आहे. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ठेवलेल्या पासष्टीपुढील ७०० रुग्णांत रात्रभर अल्प मात्रेत ते दिले असता संभ्रम २३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, असे २०१६ च्या एका चिनी चाचणीत दिसले. ते दाह कमी करते म्हणून, की झोप नैसर्गिक झोपेसारखी लावते म्हणून, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मला दुसरे कारण अधिक पटते, कारण आठवडाभर न झोपलेला तरुणही भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

लहान मुलांविषयी दोन शब्द. पिलांवरील प्रयोगांत वारंवार दिलेल्या सेव्होफ्लुरेनने मेंदूत दाह व पुढे शिकण्यात मंदपणा आढळला, आणि २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने तीन वर्षांखालील मुलांत तीन तासांहून लांब किंवा पुनःपुन्हा दिलेल्या भुलीबाबत इशारा दिला. मात्र अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, शस्त्रक्रियेसाठी तान्ह्या बाळांना एकदाच, तासाभराहून कमी वेळ दिलेल्या भुलीने पाच वर्षांच्या वयापर्यंत बुद्धीत काही उणीव आली नाही, असे ७२२ बालकांच्या चाचणीत २०१९ मध्ये स्पष्ट झाले. अशा एखाद्या लहान शस्त्रक्रियेसाठी आईबापांनी घाबरण्याचे कारण नाही.

राहता राहिले घरच्यांचे काम. १९९९ मध्ये अमेरिकेत एका इस्पितळातील सत्तरीपुढील ८५२ रुग्णांवर औषधाविना एक उपक्रम राबविला गेला. चष्मा व कानाचे यंत्र जवळ ठेवणे, पाणी वेळेवर पाजणे, लवकर उठवून चालविणे, रात्री गडबड कमी करून झोपू देणे, आणि आज वार कोणता, आपण कोठे आहोत हे वरचेवर सांगणे, एवढेच. संभ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आले. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, तरी पुढे शस्त्रक्रियेच्या रुग्णांतही याच मार्गाचा स्वीकार झाला आहे. यात शेवटची बाब आपल्याकडे विशेष अवघड आहे. संभ्रमातील म्हातारे माणूस अनेकदा पुढे शिकलेली भाषा सोडून आईच्या भाषेत बोलू लागते. सुरतेच्या वॉर्डात परिचारिका गुजरातीत विचारते आणि आजी अहिराणीत उत्तर देते. आपल्या बेळगावकडच्या वॉर्डात मराठी आजोबा आणि कन्नड परिचारिका, किंवा याच्या उलट. उत्तर कळले नाही की कागदावर ‘रुग्ण असंबद्ध बोलतो’ असे लिहिले जाते. त्यामुळे निदान पहिल्या तीन रात्री तरी रुग्णाची बोली बोलणारे घरचे कोणी तरी उशाशी असावे.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ तपासावयास येतात तेव्हाही बहुतेक घरांत संकोचाने काही गोष्टी दडविल्या जातात. रात्रीची झोपेची गोळी, रोजची दारू, मिश्री वा तंबाखू, मागील शस्त्रक्रियेनंतर झालेले बरळणे, आणि गेल्या वर्षभरात वाढलेला विसराळूपणा, हे सारे त्यांना आधी कळले पाहिजे. झोपेची गोळी किंवा दारू एकाएकी तुटल्यानेही संभ्रम होतो, आणि तोही मग भुलीच्याच नावावर जमा होतो.